पान जेवढे, ठसाही तेवढाच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी हस्तकलेचे पान असते. त्यात नुकताच पानांच्या ठशांचा उपक्रम आला होता. पानावर कागद ठेवा, वरून मेणखडू घासा, ठसा उमटला की कात्रीने कापा आणि अशा ठशांचा मोर करून चिकटवा, एवढे चार ओळींत सांगितले होते. शेजारी तयार मोराचे इंचभराचे चित्र. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. तेव्हाही आणि निवृत्तीनंतरही पानांचे, सालींचे, लाकडांचे, दगडांचे ठसे घेत आले आहे. म्हणून त्या चार ओळींवर लिहिल्यावाचून राहवत नाही.

उपक्रम छापलात याचा आनंद झाला, हे आधी सांगते. पण ठसा उमटला की तुमच्या पानावर त्याचे काम संपते आणि कात्री येते. मुलाने तो ठसा दोन मिनिटे नीट पाहावा, यासाठी त्या चार ओळींत जागाच नाही. माझी तक्रार असेल तर एवढीच.

ठशात काय घडते ते पाहा. कागदाखाली जिथे उंचवटा असतो तिथे खडू टेकतो आणि रंग लागतो. जिथे खळगा असतो तिथून खडू वरच्या वर निघून जातो, कागद कोरा राहतो. म्हणजे पानाची शीर आपली रेघ आपणच ओढते. माझा हात नुसता खडू फिरवतो. रेघ कुठे वळणार, कुठे तिला फाटा फुटणार, हे पान ठरवते. हाताने पान काढताना आपण सवयीने काढतो: मध्ये एक सरळ दांडी, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर तिरप्या रेघा. ठशात ही सवय चालत नाही. वर्गात मी मुलांना आधी मनाने पिंपळाचे पान काढायला लावत असे, मग खऱ्या पानाचा ठसा घ्यायला सांगत असे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायला लावत असे. मनाने काढलेल्या पानात शिरा थेट कडेला जाऊन थांबलेल्या असत. ठशात त्या कडेच्या अलीकडेच वळलेल्या दिसत, एकीची कमान पुढचीला जाऊन मिळालेली. शिवाय मुख्य शिरांच्या मधल्या जागेत बारीक जाळे. ‘जाळीदार शिराविन्यास’ हे शब्द मुलांनी पाठ केलेले असायचेच. ते जाळे खरोखर कसे विणलेले असते हे त्यांना त्या कागदावर दिसायचे. मग बांबूच्या किंवा कर्दळीच्या पानाचा ठसा घेतला की फरक सांगावाच लागत नसे.

पान पालथे ठेवायचे, हे तुमच्या उपक्रमात राहून गेले होते. बहुतेक पानांच्या शिरा खालच्या अंगाला उठलेल्या असतात. सुलट पानावर कितीही घासले तरी पुसट डाग मिळतो, आणि मूल समजते की आपल्याला जमत नाही. पान ताजे पण ओले नसावे. गळून पडलेले, अजून लवचीक असलेले, एक रात्र जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवलेले सर्वांत चांगले. पूर्ण वाळलेले पान खडूखाली मोडते आणि मोडल्याची रेघही ठशात येते. मेणखडूचा कागद काढून तो आडवा धरायचा, टोकाने नाही. एका हाताने कागद घट्ट दाबून ठेवायचा, आणि पहिल्यांदा इतके हलके घासायचे की काही उमटते आहे की नाही अशी शंका यावी. दाब नंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही.

कागदाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढची विनंती त्याच्याशी जोडलेली आहे. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद ठशाच्या कामाचा नाही. तो बारीक शिरांवर वाकतच नाही, दोन शिरांवर पूल टाकल्यासारखा ताठ राहतो. छायाप्रतीसाठी वापरतात तो ७५-८० ग्रॅमचा (म्हणजे एका चौरस मीटरचे वजन तेवढे असलेला) कागद सालीला चालतो, पण पानाच्या बारीक जाळ्यात कमी पडतो. तुतीच्या सालीपासून केलेला पातळ, चिवट हातकागद उत्तम, पण तो प्रत्येकाला मिळत नाही. आणि तुमचे वर्तमानपत्र ज्यावर छापले जाते तो कागद साधारण ४५ ग्रॅमच्या आसपासचा असतो. पातळ, मऊ, लगेच वाकणारा. कोरा मिळाला तर ठशासाठी त्याच्याइतका सोयीचा कागद मला दुसरा माहीत नाही. त्याचा दोष एकच. यंत्राने लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते, त्यामुळे तो उजेडात लवकर पिवळा पडतो. जपून ठेवायचे ठसे त्यावर घेऊ नयेत. शिकायला आणि हात बसायला मात्र तो फार चांगला.

आता मापाविषयी. ठसा हा वस्तूला कागद प्रत्यक्ष टेकवून घेतलेला असतो, म्हणून त्याचे माप वस्तूचेच असते. फोटोत हातभर लांबीचे सागाचे पान आणि बोटभर लांबीचे तुळशीचे पान एकाच आकाराची दिसू शकतात. शेजारी पट्टी ठेवली नसेल तर मोठे कोणते ते सांगता येत नाही. ठशात ही फसगत होत नाही. शिवाय ठसा उलटा येत नाही. पानाला शाई लावून ते कागदावर दाबले तर डावे उजवीकडे जाते, आरशातल्यासारखे. ठशात पान कागदाच्या मागे आणि खडू पुढे, त्यामुळे डावे डावीकडेच राहते. अक्षरे कोरलेल्या दगडाचा ठसा सरळ वाचता येतो तो यामुळेच. पुराभिलेखांचे अभ्यासक शिलालेखांचे ठसे घेतात तेव्हा ओला कागद दगडावर पसरून ब्रशने ठोकून अक्षरांच्या खळग्यांत बसवतात आणि कागद सुकत आला की काजळीच्या शाईचा बोळा वरून फिरवतात. अक्षरे पांढरी राहतात, बाकीचा दगड काळा. चीनमध्ये ही विद्या फार जुनी आहे. तिथल्या एका तांग सम्राटाने उष्ण झऱ्यावर लिहिलेला मजकूर दगडात कोरला होता. तो दगड आज अस्तित्वात नाही, पण त्याचा कागदावरचा ठसा डुनहुआंगच्या लेण्यांत सापडला. त्यावर इ. स. ६५३ ची नोंद आहे आणि तो आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दगड गेला आणि कागद तेराशेहून अधिक वर्षे राहिला. कागदावर खडू घासणे हा लहान मुलांचा पाच मिनिटांचा खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगते.

ठशाला मर्यादाही आहेत. खोली त्याला कळत नाही. सालीतली अर्ध्या सेंटिमीटरची भेग आणि चार सेंटिमीटरची भेग दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. रंग तो सांगत नाही. आणि गोल गोट्यावर कागद नीट बसतच नाही, चुण्या पडतात. झाडाच्या खोडावर मात्र तोच कागद सुरेख गुंडाळला जातो. हे मी गणिताच्या शिक्षकांना सांगून त्यांच्या तासाला मुलांना झाडाखाली पाठवले होते. दंडगोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट उलगडता येतो, गोलाचा येत नाही. फळ्यावर हे कितीही वेळा सांगितले तरी मुलांच्या मनात बसत नाही, गोट्यावर कागद बसवायचा प्रयत्न केला की चटकन बसते. खोडाभोवती पूर्ण फिरवून घेतलेला ठसा जमिनीवर पसरला की त्याची रुंदी म्हणजे खोडाचा घेर, तिला ३.१४ ने भागले की व्यास. झाड न कापता, न टोचता. पुढच्या वर्षी त्याच उंचीवर पुन्हा ठसा घेतला तर झाड किती जाड झाले ते दोन कागद सांगतात. त्यासाठी ठशाच्या मागे तारीख, झाडाचे नाव, जमिनीपासूनची उंची आणि कोणत्या दिशेची बाजू हे लिहून ठेवायला हवे. हे लिहिलेले नसेल तर त्या ठशाचे निम्मे मोल जाते, असे माझे मत आहे.

साली हा माझा सर्वांत आवडता भाग, आणि आपल्या उपक्रमात त्यांचा उल्लेखही नव्हता. सालीची बाहेरची पेशींची थरावळ मेलेली असते, ती वाढू शकत नाही. आत खोड जाड होत जाते, बाहेरचे कवच तेवढेच राहते, म्हणून ते फाटते. ते कसे फाटते यात प्रत्येक जातीचा स्वभाव आहे. बाभळीला उभ्या खोल चिरा पडतात आणि ठशात काळ्या पट्ट्यांचे उभे कपडे वाळत घातल्यासारखे दिसते. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटते, खाली गुळगुळीत खोड. तिथे ठसा जवळजवळ कोरा येतो, फक्त सुटलेल्या पापुद्र्यांच्या कडा नकाशातल्या किनाऱ्यांसारख्या उमटतात, आणि मला तो कोरेपणा फार आवडतो. नारळाच्या खोडावर गळालेल्या झावळ्यांचे वण असतात, त्यांच्या आडव्या कंकणाकृती रेघा येतात. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. तिथे कागद फाटतो, म्हणून ते झाड हातानेच पाहावे. उन्हापावसात पडून राहिलेला ओंडका मिळाला तर जरूर घ्यावा. लाकडाचा मऊ भाग आधी झिजतो, कडक भाग वर राहतो, आणि जी वलये ताज्या कापाच्या गुळगुळीत तोंडावर उमटली नसती ती झिजलेल्या ओंडक्यावर स्वच्छ उमटतात.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची नजर फार अधू होती. झाडाखाली नेल्यावर बाकीची मुले डोळ्यांत भरणाऱ्या भेगेकडे किंवा गाठीकडे धावत आणि तिथे कागद लावत. ही मुलगी आधी दोन्ही हात खोडावर ठेवायची. तळवे हळूहळू वर न्यायची, मग बोटांची टोके, मग अंगठा. आणि ती जिथे कागद लावायची तिथे आम्हाला काही विशेष दिसत नसे. खडू फिरला की त्या ठशात बारीक, आडवट ठिपक्यांच्या ओळी यायच्या. ती सालीवरची वल्करंध्रे होती. खोडातल्या जिवंत पेशींना त्यांतून हवा मिळते, आणि कित्येक झाडांवर ती इतकी थोडी उठलेली असतात की नजर त्यांच्यावरून सरकून जाते. पाठ्यपुस्तकात वल्करंध्राची आकृती असते, मीही ती फळ्यावर अनेकदा काढलेली. खोडावर ती पहिल्यांदा शोधून काढली त्या मुलीने. तेव्हापासून आमच्या वर्गात कागद काढण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून खोड चाचपायचे, असे ठरले. ते मी अजूनही करते.

आता मोराविषयी. ठशातून दुसरे काही घडवूच नये असे मी म्हणत नाही. ठशांना चित्रकलेत मानाची जागा मिळवून देणाऱ्या माक्स अर्न्स्टने तेच केले. १९२५ च्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या एका पथिकाश्रमात उतरला होता. तिथल्या जमिनीच्या लाकडी फळ्या घासून घासून रेषा वर आलेल्या होत्या. त्यांनी तो इतका भारला गेला की त्याने फळ्यांवर कागद टाकून काळे शिसे घासले. मग पाने, गोणपाट, जे हाताला लागले त्याचे ठसे घेतले. त्या ठशांतून त्याला समुद्र, पक्षी, अरण्ये दिसू लागली, आणि १९२६ मध्ये अशा ३४ चित्रांचा संच पॅरिसला प्रसिद्ध झाला. पुढे कॅनव्हासखाली वस्तू ठेवून वरचा ओला रंग खरवडायची रीत त्याने काढली आणि तिच्यातून अरण्यांची मोठी तैलचित्रे केली. पण त्याने ठसा आधी पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग त्याला पक्षी दिसला. आपल्या पानावर मोर आधीच ठरलेला होता. पान कोणत्याही झाडाचे चालले असते, ठसा कसाही आला असता तरी चालले असते, कारण कात्रीने बाह्यरेषा कापली की आतले जाळे कोणी बघत नाही. मुलाला ठसा हातात देऊन ‘यात तुला काय दिसते?’ एवढे विचारले असते तरी मला पुरे होते. उत्तर नदी येईल, विजेची रेघ येईल, आजीचा हात येईल, किंवा ‘पान दिसते’ असे येईल. ही सगळी उत्तरे चांगली.

ही कला मोठ्यांचीही आहे, हे मला ठासून सांगायचे आहे. अमेरिकेतल्या मिशेल स्टुअर्ट या चित्रकर्तीने सत्तरच्या दशकात कागद जमिनीवरच पसरून माती आणि दगड त्यावर घासले, ठोकले. १९७५ मध्ये तिने असा ४६० फूट लांबीचा कागद नायगाराच्या घळीच्या उतारावरून खाली सोडला, हिमयुगाच्या अखेरीस धबधबा जिथे होता त्या जागी. जपानच्या मासाओ ओकाबे यांनी हिरोशिमातल्या उजिना स्थानकाच्या फलाटाच्या दगडांवर वर्षानुवर्षे कागद ठेवून ठसे घेतले; ते २००७ च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात मांडले गेले. अणुबॉम्ब झेललेल्या शहराचे दगड होते ते. त्यांच्यासमोर कोणी कात्री घेऊन बसणार नाही.

झाडांच्या आणि दगडांच्या बाजूनेही बोलायला हवे. ठशासाठी ताजी पाने तोडायची गरज नसते, खाली पडलेली भरपूर असतात. कागद खोडाला लावताना खिळा, टाचणी, चिकटपट्टी काही नको. चिकटपट्टीबरोबर साल सुटून येते. सुती नाडी खोडाभोवती बांधली की कागद हलत नाही. शेवाळ किंवा दगडफूल असलेल्या जागेवर घासू नये. खडकाला चिकटून वाढणारे दगडफूल कित्येकदा वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. आपल्या खडूच्या चार फेऱ्यांत त्याची कितीतरी वर्षांची वाढ खरवडली जाते. सालीच्या भेगांत मुंग्या, कोळी, पालीची अंडी असतात, म्हणून आधी बघायचे. आणि जुन्या शिल्पांवर, लेण्यांवर, शिलालेखांवर हौस म्हणून कागद घासायचा नाही, ते काम परवानगी घेऊन जाणकारांनीच करायचे. पुढच्या वेळी उपक्रम छापाल तेव्हा एवढ्या सूचना तरी चौकटीत द्याव्यात.

आता विनंती. वर्तमानपत्राजवळ अशी एक गोष्ट आहे जी मोबाइलच्या पडद्याजवळ नाही: ठरलेल्या मापाचे मोठे पान. पडद्यावर चित्र बोटांनी लहानमोठे होते, त्यामुळे त्याला स्वतःचे माप राहत नाही. तुमच्या पानाची उंची अर्धा मीटर आहे. त्यावर सागाच्या पानाचा ठसा जसाच्या तसा, त्याच मापात छापता येईल. वाचक खरे पान उचलून आणील, छापलेल्या ठशावर ठेवील आणि शिरा जुळतात का, कुठे वेगळ्या जातात, हे पाहील. महिन्यातून एका रविवारी अर्धे पान वाचकांच्या ठशांना द्यावे, लहानांच्या आणि मोठ्यांच्याही. रंग भरू नयेत, बाजूने कातरू नये, लहान करू नये. खाली झाडाचे किंवा दगडाचे नाव, महिना आणि ‘मूळ मापात’ हे दोन शब्द. जागा महाग असते याची मला कल्पना आहे. पण पूर्ण पानाच्या जाहिराती आपण छापता, तेव्हा महिन्यातले अर्धे पान झाडांसाठी मागणे अवाजवी नाही असे मला वाटते.

दुसरी विनंती कागदाची. छापखान्यात कागदाचे रीळ संपत आले की शेवटचा काही कागद गाभ्याभोवती गुंडाळलेला राहतो. तो यंत्रावर चालत नाही म्हणून बाजूला काढला जातो. तो रद्दीत जाण्याऐवजी, मागतील त्या शाळांना द्यावा. एका रिळाच्या शेपटात एका वर्गाचा वर्षभराचा कागद निघेल. शिक्षकांनी येऊन घेऊन जायची तयारी ठेवावी, आपल्याला पोहोचवण्याचा त्रास नको. देण्याचे ठरले तर कोणत्या वारी, किती वाजता यायचे, हे पुरवणीत छापावे. मात्र ते पावसाळा संपायच्या बेताला जाहीर व्हावे. साली वाळल्याशिवाय हा पातळ कागद त्यांच्यावर टिकत नाही, ओलीने फाटतो.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका